घोरपड कंपनीचे हिवाळे सर

माझ्या दुकानातल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो कसा काढायचा याचा व्हिडिओ मी मोबाइलवर लावतो. झेरॉक्सचा धंदा करून केस पांढरे झाले, पण कागद काढायचं मला अजून पाठ झालेलं नाही. परवा असाच व्हिडिओ लावला, तर आधी जाहिरात आली आणि जाहिरातीत हिवाळे सर. निळा शर्ट, खांद्यावर घडी घातलेला मोठा रुमाल, आमच्याकडची दस्ती, पुढ्यात सात रंगांत लुकलुकणारा कीबोर्ड. सर हसून म्हणाले, "असा कीबोर्ड मी जन्मात पाह्यला नाई. हाताले लोन्यावानी लागते!" मग ढॅण्‌ढॅण् संगीत, आणि पडदाभर एक हिरवी घोरपड.

काउंटरपाशी उभं असलेलं गिऱ्हाईक वाकून म्हणालं, "हे आपले टायपिंगवाले सर नाई का? हे तर वारले ना?"

"हाव."

"मंग अजून काम करून राह्यले?"

सर वारले ही गोष्ट खरी. जाहिरातीतलं वाक्यही खरं, त्यांच्याच तोंडचं. मी समोर उभा होतो. फक्त त्या वाक्याला पुढे शेपूट होतं. ते शेपूट कंपनीनं कापून ठेवून घेतलं आणि सरांचं तोंड तेवढं वापरलं. मेल्या माणसाला "पुढचं बोला" असं सांगता येत नाही, म्हणून ते मी लिहून ठेवतोय.

बुलढाण्याला कोर्टाच्या समोरच्या बोळात माझं दुकान, आणि त्याच्या डोक्यावर सरांचा टायपिंग क्लास. डोक्यावर हे शब्दशः. लोखंडी मशिनी होत्या त्या काळात माझ्या छताचा रंग वर्षभरात गळून झेरॉक्सच्या काचेवर पडायचा आणि लोकांच्या सात-बाऱ्यावर काळे ठिपके उमटायचे. एका वकिलानं तर एका ठिपक्यावरून विहीर कुणाची यावर वाद घातला. मी वर जाऊन तक्रार केली, तर सर म्हणाले, "मशिनी बंद करू का? मंग ह्या पोरायचं काय करू? तुह्याकडं झेरॉक्सले बसवू?"

मी खाली आलो. कारण एकेकाळी मीही त्यातलाच एक पोरगा होतो.

सरांची शिकवायची रीत अशी की पहिल्या दिवसापासून पोराच्या दोन्ही हातांवर दस्ती टाकायची. मशिनीच्या कळा दिसता कामा नयेत. "बोटाले आपली जागा ठाऊक असते," म्हणायचे, "डोळे मधात आले का घोटाळा." मी पहिल्याच आठवड्यात दस्तीखाली हात कळेचं एक घर बाजूला ठेवला आणि अख्खं पान त्याच भरात मारलं. वेग असा की बाजूची पोरं थांबून बघायला लागली. मी मनातल्या मनात मंत्रालयात नोकरीला लागलो होतो. सरांनी कागद मशिनीतून ओढला, चष्मा लावला, आणि त्यावर जे काही उमटलं होतं ते सगळं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, सभेत भाषण करावं तसं खड्या आवाजात वाचून दाखवलं. मराठीत तसा एकही शब्द नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर मला म्हणाले, "चूक तर एकच केली बे तू. पन काय इमानदारीनं केली!"

त्यांच्या क्लासात नापास हा शब्द नव्हता. निकाल लागून एखादा रडत आला की म्हणायचे, "तुह्या बोटाची काही चूक नाई. माह्यं शिकवनं तिथपर्यंत पोचलं नाई, पुढच्या टायमाले पोचवू." पण हे फक्त पोरासमोर. बाहेर कुणी "तुमच्या क्लासचा अमका पडला" असं म्हटलं की सर असे फिरायचे, की त्या माणसाला कोर्टात गेलेलं परवडायचं. शिकवण्यात माझ्या तोडीचा या जिल्ह्यात कोणी नाही, असं ते स्वतःच सांगायचे, त्यामुळे दुसऱ्यांना ते सांगायचे कष्ट पडत नसत. आणि ते खरंही होतं.

मग परीक्षा कॉम्प्युटरवर गेली. लोखंडी मशिनी भंगारात निघाल्या. वर सपाट, मऊ कळांचे कीबोर्ड आले आणि क्लासाचा आवाज गेला. माझं छत सुधारलं, सर बिघडले. कारण ते शिकवायचे ते कानानं. डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि तिकडून ओरडायचे, "खिडकीवाल्या, डावी करंगळी झोपली तुही!" आता सगळ्या खोलीत नुसती कुजबुज. सर म्हणायचे, "मले बहिऱ्यावानी होऊन राह्यलं. पोरं चुकून राह्यले का शिकून राह्यले, काही ऐकूच नाई येत."

घोरपड त्यांच्या आयुष्यात आली ती माझ्या मूर्खपणातून. मी रात्रंदिवस मोबाइलवर गेम खेळणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचो. स्वतः गेम खेळत नव्हतो; मला नुसतं बघायला आवडायचं, जसं कुस्ती न खेळणारे फडावर जातात. त्यात एक पोरगा एका कंपनीच्या माऊसचं असं वर्णन करायचा की आपल्या नशिबात फक्त तेवढाच माऊस कमी आहे असं वाटावं. तो माऊस त्याला फुकट मिळालेला असतो हे मला फार नंतर कळलं. मी मागवला. सोबत 'गठ्ठा योजनेत' एक कीबोर्ड आला. डब्यावर हिरवी घोरपड.

माऊस लावला तो रंग बदलायला लागला. तो थांबवायला बटण नव्हतं, त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. ते घ्यायला खातं काढायचं होतं. मी काढलं नाही, तर आठवडाभर माझ्या दुकानात मयतीच्या दाखल्यांचे अर्ज भरताना टेबलावर लाल-निळी-जांभळी दिवाळी चालू. एक म्हातारी नवऱ्याचा दाखला न्यायला आली होती, ती मला म्हणाली, "बाबा, निदान आमी जायलोक तरी बंद ठेव." तेव्हा मुकाट्यानं खातं काढलं, सॉफ्टवेअर घेतलं, रंग बंद केला, आणि सॉफ्टवेअरही बंद केलं. म्हणजे मला तसं वाटलं.

कीबोर्ड मला नको होता, म्हणून मी तो टेबलावर ठेवून नुसत्या कळा ठोकून बघत होतो. खट्, खट्, खट्. वरून जिन्यावर चपलांचा आवाज. सर दारात.

"काय वाजून राह्यलं बे हे?"

"कीबोर्ड आहे सर. गेमचा."

सरांनी तो मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि एक परिच्छेद मारला. वायरसुद्धा लावलेली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की मी दुसरीकडे पाहिलं. एखाद्याला खूप वर्षांनी भाऊ भेटावा आणि आपण मध्येच उभे असावे, तसं झालं.

"हे कायले बनवलं म्हने त्यायनं?"

"गोळ्या झाडायला. म्हणजे गेममध्ये."

"त्यायले समजलं नाई आपन काय बनवलं ते," सर म्हणाले, आणि कीबोर्ड घेऊन वर गेले. तो मला परत काही मिळाला नाही.

पण त्यालाही सॉफ्टवेअर लागायचंच. सरांनी मला वर बोलावलं आणि मी माझंच खातं तिथेही उघडून दिलं. पडद्यावर अटींचा मजकूर, खाली एकच बटण: मान्य आहे.

"याच्यात 'मान्य नाई' कुठीसा हाये?"

"नाही सर तसं."

"मंग इचारते कायले?"

सरांनी बटण दाबलं. पुढे जन्मतारीख विचारली, ती दिली. आवडता खेळ विचारला. सरांनी लिहिलं: खो-खो. कंपनीनं ताबडतोब अभिनंदन केलं आणि खो-खोला लागणारी एक खुर्ची दाखवली. त्या दिवसापासून क्लास ऐन रंगात आला की पडद्याच्या कोपऱ्यातून ती खुर्ची वर यायची. पोरं "सर, खुर्ची आली" म्हणून ओरडायची आणि सर दस्तीनं ती झटकल्यासारखं करायचे.

तरीसुद्धा त्यांनी ते सॉफ्टवेअर सहन केलं, कारण त्यात एक खरंच कामाची गोष्ट होती, आणि ती गोष्ट पल्लवीसाठी होती.

पल्लवी ही चिखलीकडच्या उंद्रीची. घरी वांगी, मिरची, कोथिंबीर. लहानपणी कडबा कापायच्या मशिनीत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. बुलढाण्याला वसतिगृहात राहून ती कॉलेज करायची आणि सरांकडे यायची. कारकुनाच्या जागेसाठी टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं, तेवढं तिला हवं होतं. आठ बोटांनी ती अशी मारायची की बाकीच्यांना दहा बोटं असल्याची लाज वाटावी. तरी वेग दर परीक्षेला थोडक्यात कमी पडायचा, कारण उजव्या टोकाच्या कळांकडे तिला उडी मारावी लागे. या सॉफ्टवेअरनं कुठलीही कळ उचलून कुठेही बसवता यायची. सरांनी आठवडाभर बसून टोकाची अक्षरं आणली तिच्या शाबूत बोटांखाली. पहिल्यांदा तिनं त्यावर हात चालवला तेव्हा सर डोळे मिटून ऐकत होते. तिचं संपलं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. "अजून एकदा मार," म्हणाले. "मले ऐकू दे."

परीक्षेला स्वतःचा कीबोर्ड नेता यावा म्हणून सरांनी खेटे घातले. परवानगी मिळाली. अट एकच: परीक्षेच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर टाकायचं नाही, नुसता कीबोर्ड जोडायचा.

इथे सर थांबले. त्यांनी डबा शोधून काढला. डब्यावर ठळक छापलं होतं की तुम्ही केलेले सगळे बदल कीबोर्डच्या पोटातच राहतात, कुठेही न्या. सरांचा छापील शब्दावर फार विश्वास; आयुष्य त्यातच गेलेलं. तरी म्हणाले, "इचारून घेऊ." आम्ही कंपनीला विचारलं. माया नावाच्या कुणीतरी लगेच कळवलं की होय, नक्कीच, आणि घोरपड परिवारात तुमचं स्वागत आहे. शेवटी एक हृदय. सर म्हणाले, "पोरगी चांगली दिसते. पट्कन बोलली."

"तपासून पाहू सर," मी म्हणालो. या एका वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. आम्ही कीबोर्ड खाली आणून माझ्या कॉम्प्युटरला जोडला. पल्लवीनं पान मारलं. एकही अक्षर जागेवरून हललं नाही. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये घोरपड आधीच बसलेली होती, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी तिला बंद केली होती ना! ती बंद होत नाही. खिडकी बंद केली की ती मागच्या मागे जागी राहते, खातं आमचं उघडंच ठेवते, आणि आमचे बदल आतून गुपचूप पुरवते. आम्ही चोरालाच विचारत होतो की घरात चोर आहे का.

त्या रविवारी सर एसटीनं उंद्रीला गेले आणि पल्लवीच्या वडलांना, सुभाषभाऊंना, म्हणाले, "आता पोरगी पास. माही जबान हाये." सुभाषभाऊंनी तिला घरी न्यायचं ठरवलं होतं, ते एका परीक्षेपुरतं लांबणीवर टाकलं.

त्याच सुमारास कंपनीनं 'तुमचा अनुभव सांगा' म्हणून व्हिडिओ मागवले होते. सरांना वाटलं, चांगल्याला चांगलं म्हणावं आणि वाईटही तोंडावर सांगावं. मी मोबाइल धरला. सर बोलले ते असं: "असा कीबोर्ड मी जन्मात पाह्यला नाई. हाताले लोन्यावानी लागते. पन याचं सॉफ्टवेअर म्हनजे, घरात पाहुना यावा आन् त्यानं आपल्यालेच नाव इचारावं, असं हाये. नेट गेलं का ते रुसते. खातं कायले पाह्यजे? कीबोर्ड माहा, बोटं माहे, तुमी कोन? हे पह्यले सुधरा, मंग मी सोता गावोगाव जाऊन सांगीन." पुढेही बरंच बोलले, खुर्चीवरही बोलले. व्हिडिओ धाडला. धाडतानाही एकच बटण होतं, मान्य आहे.

परीक्षा झाली. पल्लवी बाहेर आली ती कीबोर्ड छातीशी धरून. दिवे मस्त लुकलुकत होते म्हणे, केंद्रावरची पोरं बघत होती. पण अक्षरं सगळी आपापल्या मूळ जागी परत गेलेली. तिची बोटं सरांनी शिकवलेल्या ठिकाणी जात होती आणि तिथे दुसरंच कुणी बसलेलं होतं. पान अर्धंही झालं नाही. सरांनी तिला रिक्षात बसवून दिलं, वर आले आणि खुर्चीत बसून राहिले.

नंतर आम्ही शोधलं. कीबोर्डच्या पोटात फक्त रंग राहतात. अक्षरं राहतात कंपनीकडे, दूर कुठेतरी, आणि सॉफ्टवेअरशिवाय ती येत नाहीत. हे ओरडून सांगणारे लोक आमच्या आधीही होते. कंपनीच्या चर्चेच्या पानावर त्यांच्या तक्रारी होत्या, आणि प्रत्येकीखाली 'प्रश्न सुटला' असा शिक्का मारून कुलूप घातलेलं. आम्ही आमची लिहिली. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. पुन्हा लिहिली. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्या नियमांत बसत नाही. मायाला कळवलं, तर तिनं वाईट वाटल्याचं कळवून नव्या माऊसवर सूट दिली. शेवटी पुन्हा हृदय.

मी चिडून इंग्रजीत एक कडक पत्र लिहिलं. इतकं कडक की त्यांनी मला उत्तर देताना 'आदरणीय मॅडम' केलं. सर त्याही दिवसांत त्यावर हसले, पण ते शेवटचं.

कारण त्याच आठवड्यात जाहिरात लागली. चौकातला पानवाला, कोर्टातले वकील, वसतिगृहातल्या पोरी, ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये सर. "लोन्यावानी लागते!" आणि ढॅण्‌ढॅण्. 'पन' निघायच्या आधीच कात्री. खाली सरांना पदवी दिलेली: घोरपडवीर.

मला वाटलं, सर आता जिना उतरून येतील आणि शिव्या देतील. ते आले आणि हळूच म्हणाले, "मले पुन्यांदा दाखव." मी दाखवली. "अजून एकदा." शेवटी म्हणाले, "पाह्य, माहे ओठ 'पन' म्हनाले जुळून राह्यले तेवढं दिसते त्याच्यात. तेवढं राह्यलं त्यायच्याकडून कापायचं." खरंच, शेवटच्या क्षणी ओठ जुळायला लागलेले दिसतात. परवाही दिसले.

मग वसतिगृहातून निरोप आला की पल्लवीचे वडील येऊन तिचं सामान घेऊन गेले. सर म्हणाले, "चाल. उंद्रीले जाऊ."

बसमध्ये त्यांनी मला सांगितलं की त्यांचे वडील सोयरिकी जुळवायचे. एखादी सोयरीक मधल्या माणसाच्या चुकीनं मोडली, तर मधल्यानं स्वतः त्या घरी जाऊन आपली चूक सांगायची, आणि ती सांगून त्यांना पटेपर्यंत त्या घरचं पाणी प्यायचं नाही. "माह्या बापाले एकदा अंढेऱ्याहून उन्हात तसंच वापस यावं लागलं," सर म्हणाले. "अर्ध्या रस्त्यात चक्कर येऊन पडला. पन पेला नाई."

सुभाषभाऊ अंगणात वांगी निवडून कॅरेटमध्ये भरत होते. सरांना बघताच उठले, सतरंजी टाकली, आवाज दिला, "आई, सर आले, पानी आन!" म्हातारीनं गडवा आणि पेला आणून ठेवला. पेला भरला. पल्लवी दारात उभी राहिली, उजवा हात ओढणीत.

सरांनी पेल्याला हात लावला नाही. सगळं सांगितलं. डबा, माया, माझं दुकान, रंग आणि अक्षरं. सुभाषभाऊ मान हलवत ऐकत होते, जसं कीर्तन ऐकावं. संपल्यावर म्हणाले, "सर, आमच्या घरी काम्प्युटर नाई. मले त्यातलं समजत नाई. मले हे समजते." आणि खिशातून मोबाइल काढला. "लोन्यावानी लागते!" ढॅण्‌ढॅण्. "हे कोन हाये मंग?"

"मीच हावो. पन माहं अर्धंच बोलनं दाखवलं त्यायनं."

"एवढी मोठी कंपनी अर्धं काऊन दाखवीन?"

"म्हनजे मी खोटं बोलून राह्यलो का?"

"नाई हो सर!" सुभाषभाऊंनी त्यांचा हात धरला. "तुमी मोठ्या मनाचे. पोरीचं पाप सोतावर घेऊन राह्यले. मी वळखत नाई का तुमाले? पन तिचा हातच नाई ना त्या कामाचा. कीबोर्ड चांगला, तुमी चांगले, मंग राह्यलं कोन? शिकली तेवढं बस झालं."

"बाबा, सर खरं सांगून राह्यले," पल्लवी दारातून म्हणाली.

"तुले तर तेच पाह्यजे," सुभाषभाऊ म्हणाले. रागानं नव्हे.

मीही तोंड घातलं. म्हटलं, भाऊ, मी साक्षीला आहे, माझाच कॉम्प्युटर होता. सुभाषभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि जाहिरातीत मी नव्हतो एवढं माझ्या लक्षात आलं.

सर मग म्हणाले, "सुभाषभाऊ, एक सांगू का? मी शिकवाले चुकलो."

सुभाषभाऊंची मान हलायची थांबली.

"उमर झाली माही. कान काम देत नाई. जे शिकवाले पाह्यजे होतं ते शिकवलंच नाई मी तिले. नवीन पद्धत येत नाई मले. कीबोर्डवर ढकलून देऊन राह्यलो. तिच्या जागी कोनी बी असता तरी पडला असता."

मला बोलायचं होतं. सरांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. जन्मभर या माणसानं बाहेरच्या कुणाला आपल्या शिकवण्याबद्दल एक अक्षर काढू दिलं नव्हतं.

"असं म्हना ना मंग!" सुभाषभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि चेहरा मात्र मोकळा झाला. "एवढा वखत ते पोटातलं न् सॉफ्टवेअर न् काय सांगून राह्यले! सरळ सांगाचं ना सर. म्हनजे पोरीचा हात बराबर हाये?"

"माह्या अख्ख्या क्लासात असा हात नाई."

"मंग मी तिले चिखलीले टाकतो. तिथं नवा क्लास निंगाला म्हन्तेत. राग नोका मानू सर, पन तुमच्याकडं नाई टाकत आता."

"नोको टाकू," सर म्हणाले. "बराबर हाये तुहं."

खरं सांगितलं तेव्हा त्या घरानं सरांना थोर मानलं आणि एक शब्द धरला नाही. खोटं एकदाच सांगितलं, तर आतल्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना पटलं. पल्लवी रडत होती. तिला माहीत होतं. सरांनी तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली, 'बोलू नको' अशी.

आम्ही उठलो. म्हातारी म्हणाली, "सर, पानी तरी घ्या." सर म्हणाले, "येतो आई," आणि भरला पेला तसाच सोडून अंगणाबाहेर पडले.

फाट्यावर चहाच्या टपरीबाहेर माठ होता. सर त्यातून इतकं पाणी प्यायले की टपरीवाला बघत राहिला. निळा शर्ट पुढून सगळा भिजला.

"सर, तिथं तर तुमचं पटलं त्यांना," मी म्हणालो. "मग का नाही प्याले?"

"खरं सांगतलं, ते पटलं नाई. पटलं ते खरं नोतं." त्यांनी दस्तीनं तोंड पुसलं. "माह्या बापानं याच्यासाठी काही नियम सांगून नाई ठेवला."

बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून बसले. मला वाटलं झोपले. मी आपला मनातल्या मनात कंपनीला आणखी एक पत्र लिहीत होतो, या वेळी मराठीत. चिखलीच्या स्टँडवर बस थांबली तसे सर उठले.

"कुठं सर? बुलढाण्याला हीच बस जाते."

"तू जाय. मी त्या नव्या क्लासवाल्याले भेटून येतो."

"त्याला कशाला भेटता?"

"तो दहा बोटाचं शिकवीन ना तिले. साध्या कीबोर्डवर तिची उडी कशी बसवाची, ते त्याले कोन सांगीन? तुहा बाप?"

मी म्हणालो, मीही येतो. तर म्हणाले, "तू नोको येऊ. तू आला का काही ना काही घोटाळा होते." आणि उतरले.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी क्लास आवरला आणि ते मुलाकडे नाशिकला गेले. मी दुसऱ्याच दिवशी सासुरवाडीला गेलो होतो. भेट झाली नाही. नंतर बातमीच आली. तेव्हा माझ्यापुरते सर संपतात ते चिखलीच्या स्टँडवर.

बस निघत होती. मी खिडकीतून वाकून पाहिलं. सर एका रसवंतीसमोर उभे राहून कुणाला तरी पत्ता विचारत होते. तो माणूस हात करून लांबवर काही दाखवत होता आणि सरांचं लक्ष त्याच्या बोटाकडे नव्हतंच. त्यांनी आपल्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मुडपून तळव्याशी घट्ट धरली होती आणि उरलेली बोटं हवेत, एका घरातून दुसऱ्या घरात, हळूहळू टाकून बघत होते.